बनाबाईचं सरकतं दार

बनाबाईची आणि माझी ओळख मोटार बंद पडल्यामुळे झाली. साल एकोणीसशे सदतीस. मी माहेरपण उरकून पुण्याहून भोरला परत निघाले होते. वरवे बुद्रुकपाशी सर्व्हिस मोटारीनं एक आचका दिला आणि ती जी बसली, ती ड्रायव्हरच्या शिव्यांनीही उठेना आणि हँडलनंही उठेना. वैशाखाचं ऊन आणि तांब्यातलं पाणी संपलेलं. मी तणतणत रस्त्याकडेच्या पहिल्याच घरापाशी गेले. ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. बाजूच्या पडवीच्या दाराला तर बाहेरून कडी होती. तरी मी ओरडले, "अहो, घरात कुणी आहे का?"

कडी घातलेल्या दारामागून उत्तर आलं, "म्या हाय की! कडी काढा आन दार बेतानं ढकला. मागं माजं पाय हायेत."

मी दार बेतानं ढकललं. आत जेमतेम चार हात रुंदीची खोली. भिंतीला लागून पळसाच्या पानांच्या थप्प्या, आणि त्यांच्यामध्ये एक चाळिशीची बाई चोया टोचून पत्रावळ लावत बसलेली. दंड पिळलेल्या दोरासारखे कणखर, आणि लुगड्याखालचे पाय मात्र वाळक्या शेंगांसारखे. तिनं बसल्या जागेवरून हात लांबवून मडक्यातलं पाणी मला दिलं, वर गुळाचा खडा दिला.

"तुला आत कोंडून कोण गेलं?" मी विचारलं.

"कोंडतंय कोन? समदी रानात गेल्याती. दार उगडं ऱ्हायलं तर कुत्री शिरत्यात, म्हून भाऊ कडी लावून जातो."

"आणि तुला बाहेर यावंसं वाटलं तर?"

"सांजच्याला येत्यात की समदी!" ती म्हणाली आणि मग डोळे मिचकावून हसली. "कोंबडीला सुदिक सांजच्याला डालत्यात वैनी. मला सकाळच्यालाच डालत्यात."

मला काही हसू आलं नाही. माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरी सगळे म्हणतात, आणि खोटं नाही. त्या दिवशी मात्र रागवायचं कुणावर, तेच कळेना. मोटार चालू झाल्याची हाळी आली तेव्हा मी शंभर पत्रावळी सांगून टाकल्या. घरी काही कार्य नव्हतं, पण पुन्हा यायला निमित्त हवं होतं. निघताना कडी लावायची का, असं मी विचारलं. "लावा," ती म्हणाली, "न्हाईतर भाऊ म्हनंल, कोन येऊन गेलं?" त्या कडीचं लोखंड उन्हानं तापलं होतं. ती लावताना मला फार वाईट वाटलं.

पुढे पत्रावळींच्या निमित्तानं मी चार-पाचदा तिच्याकडे गेले आणि तिची सगळी हकिगत मला कळली. माहेर हेच, वरव्याचं. चौदाव्या वर्षी राजगडाखाली पालीत दिली. फाल्गुन-चैत्रात तिकडे हिरडा झोडायला सगळं गाव रानात जातं. बनाबाई झाडावर चढण्यात गडी माणसांना हार जात नसे. एकोणिसाव्या वर्षी फांदी मोडली, ही पाठीवर पडली आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. नवऱ्यानं सहा महिने केलं. मग बैलगाडीत घालून भावाच्या दारात आणून सोडलं आणि दुसरा पाट लावला. मी त्या माणसाला दोन शब्द सुनावले, अर्थात त्याच्या माघारी. बनाबाई म्हणाली, "नगा बोलू वैनी. लागू नये म्हून त्यानं गाडीत गवात लई टाकलं व्हतं."

भाऊ आनंदराव वाईट नव्हता. बहिणीचं ताट आधी वाढल्याशिवाय तो स्वतः घास घ्यायचा नाही. गावही वाईट नव्हतं. लावणी-काढणीच्या दिवसांत बाया आपली तान्ही पोरं तिच्या पडवीत सोडून जात, आणि पाच-पाच पोरं ती एका हातानं पत्रावळ लावत दुसऱ्या हातानं झोपवी. निम्मं वरवं तिच्या मांडीला धरून उभं राहायला शिकलं होतं. ती दिवसभर आत असते याचं मात्र वीस वर्षांत कुणालाच काही वाटलं नव्हतं. आणि कुणी वाटून घेऊन करणार तरी काय? दार आत उघडणारं. बसलेल्या माणसानं ते ओढायचं तर आधी स्वतः मागे सरायला हवं, एकेक पाय हातानं उचलून बाजूला ठेवायला हवा, आणि मागे तर भिंतच. बाहेर उघडणारं करावं तर समोरच दावणीला बैल बांधलेले.

"दार सरळ बाजूला गेलं असतं तर!" एकदा मी वैतागून म्हणाले आणि जीभ चावली. असं दार माझ्याच घरात होतं की!

माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी मुंबईला कुठल्याशा बंगल्यात भिंतीत शिरणारं दार पाहिलं होतं. घरी येऊन त्यांनी माजघर आणि बैठकीच्या मध्ये तस्सं करून घेतलं. सागाची दोन कवाडं, वर लोखंडी पटरी, पटरीवर चाकं. ढकललं की दोन्ही कवाडं दोन बाजूंच्या पोकळ भिंतींत गडप. भोरमधली माणसं ते बघायला येत. पण सासरे गेले, आणि आमच्या ह्यांच्या, म्हणजे दीनानाथरावांच्या, डोक्यात एकोणीसशे अडतीस साली घर नवं करायचं भरलं. हे संस्थानच्या कचेरीत. बैठक अपुरी पडते म्हणून मधली भिंतच काढायची ठरली. भिंत निघाली तशी कवाडंही निघाली आणि पटरी-चाकांसकट अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली.

आणि मग मागणारे आले! एका नातलगाला पलंगाला फळ्या हव्या होत्या. तालीमवाल्यांना काय हवं होतं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, पण हवं होतं. मी ह्यांना बनाबाईचं सांगायला वेळ साधत होते, तोवर ह्यांनी वाचनालयाच्या सभेत उठून जोडी वाचनालयाला देणगी म्हणून जाहीर करून टाकली. टाळ्याही झाल्या.

"शब्द दिलाय मी," हे म्हणाले.

"वाचनालयातल्या माणसांना दार उघडून बाहेर येता येतं," मी म्हणाले, "आधीपासूनच येतं."

मग मी त्यांना बनाबाईची सारी हकिगत सांगितली. ह्यांनी पानाचा विडा तोंडात न घालता तसाच हातात धरला. मग म्हणाले, "पण जोडी फोडायची?" माणूस मनानं चांगला, पण जोडीतलं एक फोडायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. एक तांब्या फुटका निघाला तर दोन्ही परत करणारे हे. दोन दिवस घरात ह्यांच्याशी मी फक्त कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी वाचनालयाचे चिटणीसच घरी आले आणि संकोचून म्हणाले, की वर्तमानपत्रांची खोली अरुंद आहे, एकच कवाड बसेल. मी त्यांना चहाबरोबर शिऱ्याचीही बशी दिली.

वरव्याचे चिमाजी सुतार कवाड पाहायला भोरला आले तेव्हा मला वाटलं होतं, लाकडाची जात बघतील आणि डोकं हलवतील. त्यांनी चाकाला बोट लावलं, चाक गर्रकन फिरलं, आणि पन्नाशीच्या त्या माणसानं ते पुन्हा पुन्हा, दहा वेळा फिरवलं. "बाईसाहेब, ह्ये दार न्हाई, ह्ये यंत्र हाय!" म्हणाले. मग मात्र ते कामाचं बोलू लागले. पडवीची पुढची भिंत नाहीतरी कललीच आहे, ती पाडून नवी घालायची. दोन पातळ भिंती, मध्ये चार बोटं मोकळी जागा, त्या फटीत कवाड जाईल. पटरी वर तुळईला ठोकायची म्हणजे खाली उंबरा नको, बनाबाईला काही ओलांडायला नको. कवाड हातभर कापायचं. धरायची खाच खाली, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशी. मी ऐकत होते आणि मला अंगणात नाचावंसं वाटत होतं.

आनंदरावाला ते सगळं मोठ्या घरचं खूळ वाटलं. "पेरनीच्या तोंडावर मानसं कुठनं आनू?" असं तो म्हणाला. यावर बनाबाईनं गावात निरोप धाडला, "ज्यांची पोरं म्या संबाळली त्यांनी एक दिस द्यावा." गावाकडे याला इर्जिक म्हणतात, मजुरी नाही, फक्त जेवण आणि शेजारधर्म. ठरल्या दिवशी दिवस उगवायला माणसं जमली, तीसएक तरी असतील. मी आदल्या दिवशीच कवाडाच्या गाडीबरोबर डाळ-गूळ घेऊन येऊन पोचले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे त्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. भोरला, आमच्या सोवळ्याच्या घरात, ते कुणाला सांगितलं नाही.

काय दिवस होता तो! जुनी भिंत न्याहारीच्या आतच खाली आली. चिमाजींनी पटरी तुळईला ठोकली. कोंडिबा म्हणून एक सत्तरीचे म्हातारे होते. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांच्या देखरेखीखाली दगडावर दगड चढू लागला. बनाबाईला बाहेर चिंचेखाली बसवलं होतं आणि भोवती सगळ्यांची पोरं. ती तिथून ओरडून सगळ्यांना कामाला लावत होती. चुलीपाशी बायांचा वेगळाच घोर, की दाराला उंबरा नाही, मग हळदकुंकू वाहायचं कुठं? बनाबाईच्या कानावर ते गेलंच. "माज्या कपाळाला लावा," ती ओरडली, "त्ये काय भितीत जात न्हाई!"

दुपारी दोन्ही पातळ भिंती पटरीपर्यंत आल्या. एक चाक अडखळत होतं, ते घेऊन चिमाजी नसरापूरला लोहाराकडे गेले. मी पुरण वाटत होते. आणि इथेच घोटाळा झाला.

दगडामातीची भिंत आपल्याकडे कशी घालतात? बाहेरचं एक तोंड लावायचं, आतलं एक तोंड लावायचं आणि मधल्या पोकळीत बारीक दगड-चिखलाची भर घालून ठोकायची. कोंडिबांनी पन्नास वर्षं हेच केलं होतं. त्यांनी पाहिलं, दोन तोंडं झाली, भर राहिली. सुतार विसरला असेल, असं त्यांना वाटलं. बिचाऱ्यांनी माणसं लावून पार पटरीखालपर्यंत भर घातली, पहारीनं ठासली, कडेला सुबक चिखल लिंपून हात फिरवला. पाच पोरं बनाबाईनं वाढवली होती त्यांच्या घरची. बनाबाईची भिंत कच्ची राहू द्यायची नाही, म्हणून म्हाताऱ्यानं जीव ओतून काम केलं.

चिमाजी चाक घेऊन जवळजवळ धावतच आले. त्यांना कुणीतरी पाणी दिलं, तेही प्यायले नाहीत. चौघांनी कवाड उचललं, चाकं पटरीवर चढली, सगळं गाव पडवीपुढे दाटीनं उभं राहिलं. "बनाबाई, बघ!" म्हणून चिमाजींनी कवाडाला हात घातला आणि ढकललं.

धप्प.

पुन्हा ढकललं. धप्प. चिमाजींनी वाकून कडेला पाहिलं, लिंपलेल्या चिखलावर बोट फिरवलं आणि हातातला हातोडा अंगणात भिरकावला. "कुनी भरली ही? कुनी भरली?"

"म्या भरली," कोंडिबा अभिमानानं म्हणाले. "तू इसरला व्हतास."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कोंडिबांना सगळं समजावून सांगितल्यावर म्हातारा मटकन खालीच बसला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचं तोंड बघून येईना. चिमाजी म्हणाले, आता एक तोंड पाडून पुन्हा घालायचं, दोन दिवसांचं काम. माणसं एकमेकांकडे बघू लागली. दोन दिवस कुणाकडे होते? आभाळ रोज भरून येत होतं, पेरण्या तोंडावर आल्या होत्या. आनंदरावानं डोक्याचं मुंडासं काढून घाम पुसला. "ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "दिवाळी झाली का बगू. तवर जुनी चौकट बशिवतो, तीच कडी लावतो."

तीच कडी! माझ्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, खरं सांगते. दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं आणि बनाबाईलाही कळत होतं. वीस वर्षं बंद दाराआड काढलेल्या बाईला दार दाखवून परत तेच जुनं दार लावायचं? मी तोंड उघडणार, एवढ्यात चिंचेखालून आवाज आला.

"आनंदा, त्या चौकटीला हात लावू नगंस."

बनाबाई दोन्ही हातांवर अंग तोलत निघाली होती. पोरं बाजूला झाली, माणसं बाजूला झाली. ती भिंतीच्या कडेशी आली, कुशीवर आडवी झाली, आणि खुरपं मागून घेऊन लिंपलेला चिखल तिनं खरवडून काढला. मग चार बोटांच्या त्या फटीत हात घातला, मनगट गेलं, कोपर गेलं, पार खांद्यापर्यंत. दात आवळून तिनं पहिला दगड बाहेर ओढला. चिखल अजून ओला होता.

"निगतंय!" ती ओरडली. "आरं, निगतंय की! बगत काय बसलाय?"

कोंडिबा उठले. शिडी लावून पटरीच्या बाजूनं ते पातळ पहार वरून खुपसू लागले. वरून ते ढिलं करीत, खाली घसरलेलं बनाबाई ओढून काढी. भिंत फुगू नये म्हणून चिमाजींनी दोन्ही अंगांना टेकू दिले. गड्यांचे दंड त्या फटीत जाईनात, आणि ज्यांचे जात त्यांना जमिनीला गाल लावून तासभर पडणं जमेना. बनाबाईला जमत होतं. वीस वर्षं ती हातांवरच चालली होती. तिच्या कोपराचं सालटं निघालं, चोळीची बाही फाटली. बायांनी तिला थांबवायला पाहिलं तर ती त्यांच्यावरच खेकसली. मीही नऊवारी खोचून पाट्या उचलत होते, आणि प्रत्येक दगड निघाला की आम्ही सगळे ओरडत होतो, पोरंसुद्धा आकडे मोजत होती, चुकीचे. पुरणपोळ्या ताटात थंड होऊन गेल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी लग्नात इतकी खूश नव्हते.

दिवस मावळायला कासराभर असताना चिमाजींनी फटीत लांब काठी घातली. काठी आरपार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. चौघांनी उतरवून ठेवलेलं कवाड पुन्हा चढवलं. चिमाजींनी या वेळी नुसतं एक बोट लावलं, आणि सागाचं ते जाड कवाड सर्रकन भिंतीत गेलं आणि दिसेनासं झालं. जी आरोळी उठली, ती ऐकून दावणीचे बैल उसळले. कोंडिबा रडत होते आणि चिमाजींच्या पाठीत धपाटे घालत होते.

"बनाबाई, आत जा आन तुज्या हातानं उगडून भाईर ये!" सगळे म्हणू लागले. कुणी नारळ आणला, कुणी हळदकुंकवाचं तबक. बनाबाई हातांवर आत गेली, वळून बसली, खालच्या खाचेत तिनं चिखलानं भरलेली बोटं घातली आणि कवाड ओढून घेतलं. दार लागलं.

आम्ही बाहेर थांबलो. आता उघडेल, मग उघडेल. तबक धरणाऱ्या बाईचा हात दुखायला लागला. आतून एकदा बनाबाई हसल्यासारखी वाटली, मग तेही नाही. कुणीतरी कुजबुजलं, बरी हाय नव्हं? मला एकाएकी कळलं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच दार लावलं होतं.

आनंदराव पुढे झाला. त्याचा हात सवयीनं कडीच्या जागी गेला. तिथे कडी नव्हती. त्यानं हात खाली घेतला, आणि आपल्याच घराच्या पडवीपुढे उभं राहून, सगळ्या गावादेखत, दबक्या आवाजात विचारलं,

"बने, येऊ का आत?"

"वाईच थांब," बनाबाई आतून म्हणाली.

आणि आनंदराव थांबला.